फुकटची बाजू

सावर्ड्याला स्टेशनामागे, मॅंगनीजच्या ढिगाऱ्यांपलीकडे
मे महिन्यात तंबू लागायचा.
पुढे बसणाऱ्याला दोन आणे,
मागे बसणाऱ्याला काही नाही.
मागे म्हणजे पडद्याच्या मागे,
जिथे दोर ताणलेले, गवत टोचणारं,
आणि पेडणेकरांची गाय, जी एकही खेळ चुकवत नसे.

तिथून मी पाहिला तो घोड्यांचा सिनेमा.
अकरा रात्री.

सिनेमा गरीब होता, हे आम्हा पोरांनाही कळायचं.
एकच खडक तीनदा मागे पडायचा.
कपाळावर पांढरा ठिपका असलेला घोडा
चोरांकडेही नोकरीला, पोलिसांकडेही.
एक मिशाळ माणूस गुत्त्यात गोळी लागून मरायचा,
पुढच्या रिळात टोपी बदलून
पुन्हा मरायला हजर.
त्याचं नाव आम्ही ठेवलं मरपी.
मरपी आला की आमच्या बाजूनं शिट्ट्या.

बोलणं इंग्लिश, खालच्या ओळी पोर्तुगीज,
आम्हाला त्याही उलट्या,
घरी परतणाऱ्या मुंग्यांसारख्या.
पण पुढे उभा असायचा सोयरू गांवकर,
जत्रेच्या नाटकात राक्षस होणारा.
त्याची सावली घोड्याएवढी, आवाज त्याहून मोठा:
'अरे अधमा! या विहिरीवर तुझा काय अधिकार?'
इंग्लिश त्याला ओ की ठो येत नव्हतं.
तंबूच्या दारात पाखले पोलीस दिसला
की गोष्ट विहिरीची मालकी सोडून
एकदम लग्नाकडे वळायची.

मी दहा वर्षांची. डावरी.
शाळेत व्हिएगस मास्तरांची लाकडी पळी
डाव्या तळव्यावर.
घरी पानावर बसले की आई माझा उजवा हात धरून
भातात ठेवायची, न बोलता.
देवळात तीर्थाला हात पुढे करण्याआधी
मी दोनदा तपासायची, कुठला तो.

आणि इथे हा माणूस,
घोड्यावरून उतरताना किंचित अडखळणारा,
डाव्या हातानं पिस्तूल काढत होता.
डाव्या हातानं पेला. डाव्या हातानं सही.
डाव्या हातानं मेलेल्या मरपीचे डोळे मिटत होता.
चोर डावरे. न्हावी डावरा.
न्यायाधीशसुद्धा डावा हात उचलून शपथ घ्यायचा
आणि कुणी पळी उगारत नव्हतं.

मुरगावहून बोटीनं तिथं जायला
किती दिवस लागत असतील?
मी कुणाला विचारलं नाही.
गाईलासुद्धा नाही.

शेवटच्या रात्री खाणीचे ट्रक
ओळीनं तंबूशेजारून गेले.
लाल धूळ कापडावर बसली,
राखाडी आभाळ तांबूस झालं,
आणि सोयरू क्षणभरही न थांबता म्हणाला,
'पाहा, त्याच्या मुलखात संध्याकाळ झाली.'

परवा नातवानं फोनवर शोधून दिला.
सत्तावन्न मिनिटं, सगळा मिळून.
खडक तोच. घोडा तोच.
नावांच्या यादीत मरपी कुठेच नाही.
विहीर तर नव्हतीच,
भांडण रेल्वेच्या रुळांवरून होतं.
आणि तो उजव्या हातानं पिस्तूल काढतो.
उजव्यानं पितो, उजव्यानं सही करतो.
चांगला मुलगा.
आईला आवडला असता.

नातू झोपल्यावर मी कपाटासमोर उभी राहिले.
जेवते उजव्यानं, लिहिते उजव्यानं,
साठ वर्षांत कुणाला संशय आला नाही.
फोन डाव्या हातात घेतला,
आरशाकडे तोंड करून धरला,
आवाज बंद केला.
तो उतरला. अडखळला.
गुत्त्याच्या दारात मरपी, टोपी नवी.
हात कमरेकडे निघाला,
आणि मी हळूच म्हणाले,
'अरे अधमा.'